शिंकेवर उभा राहिलेला गाळा

कर्णपुऱ्याच्या देवीचं नाव घेऊन मी, कस्तुराबाई भ्र. कारभारी दांडगे, वय एकाहत्तर, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, रा. मुकुंदवाडी, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. कालच मेथीच्या जुडीत लपवलेलं गवत मी लांबून ओळखलं. कोणाची जबरदस्ती नाही. वकीलसाहेब टाइप करून देतो म्हणाले होते, पण घरात कोरे कागद असताना तो खर्च कशाला?

१. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावरचा फळं-भाजीचा गाळा माझ्या एकटीच्या नावावर आहे. खरेदीच्या दिवशी घरात सही करता येणारी मी एकटीच होते. यजमान अंगठा पुढं करत होते, तर मामंजींनी त्यांचा हात धरला. "थांब रे. सून मॅट्रिक हाय आपली. तिच्या नावानं घे, कागदाला सही तरी शोभंल."

या गाळ्याचं मूळ वारसांना ठाऊक असावं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर मामंजी, म्हणजे सासरे सांडूजी, लासूर स्टेशनहून शहरात आले ते डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन. फळं आमच्यात कोणी विकलेली नव्हती. तेव्हा आडतीत सौदा तोंडानं होत नसे. रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी सांगायचं: एक बोट धरलं तर एक पाटी, सगळा पंजा आवळला तर सगळी गाडी, आणि समोरच्यानं मूठ मिटली तर माल विकायचा नाही.

मामंजी देवीच्या नैवेद्याला सीताफळाची एक पाटी घ्यायला गेले. एक बोट धरलं आणि शिंक आली. शिंकेसरशी सगळा पंजा आवळला गेला. आडत्या ओरडला, "झाला सौदा! गाडी सांडूची!" रुमालाखालचा शब्द फिरवता येत नाही. दौलताबादच्या सीताफळांची बैलगाडी दारात उभी राहिली, तेव्हा सासूबाई राजाबाई म्हणाल्या, "एका शिंकंत गाडी आणली. दुसरी आली असती तर किल्लाच आणला असता, व्हय?"

पण त्यांनीच ती फळं गवतात घालून पिकवली आणि गल्लोगल्ली हिंडून विकली. पुढच्या आठवड्यात मामंजींनी दुसरी गाडी आणली, या खेपेला न शिंकता. त्याच फळांच्या पैशातून पुढं हा गाळा झाला. बोटांची ही भाषा मला सासूबाईंनीच शिकवली, पदराखाली हात धरून.

२. राहतं घर दोघा मुलांना, नानासाहेब व काकासाहेब यांना, निम्मं निम्मं. मधे भिंत घालू नये. विटा महाग आहेत.

३. पितळी तराजू काकासाहेबाला. तो वाळूजच्या कंपनीत आहे, बजाजनगरला राहतो. तिथं शोभेला टांगला तरी चालेल. रोज पुसावा.

४. थोरली जाऊ चतुराबाई हिनं माझ्याबद्दल सगळ्या भावकीत सांगितलं, की "कस्तुरा कोथिंबिरीची काडीसुद्धा फुकट देत नाय." खरं आहे. सबब माझ्या पश्चात तिला दर रविवारी एक जुडी कोथिंबीर फुकट द्यावी. निवडून देऊ नये.

५. पोस्टातली शिल्लक माझ्या क्रियाकर्माला. जेवणात बुंदी नको, घरची फळं कापावीत. उरेल ते भद्रा मारुतीला.

६. आता गाळा कोणाला, ते. थोरला नानासाहेब गाळ्यावर बसतो, पण जांभया देतो. एक मोबाइलवाला भाड्यानं गाळा मागतोय आणि नानाचं मन तिकडं ओढतंय. धाकटा म्हणतो, "आई, तुम्ही ठरवाल ते." मला रात्रंदिवस एकच घोर, की सांडूजींच्या गाळ्यात सीताफळाऐवजी चार्जर लटकतील.

म्हणून गेल्या एकादशीला सगळ्यांना बसवलं. म्हटलं, गाळ्याचं काय करायचं ते तोंडानं नको, पदराखाली बोटांनी सांगा. नानानं माझी चार बोटं धरली. मोबाइलवाला चार हजार देतोय, हे मला कळलं. काकासाहेब हसत सुटला, "मला कुठं येतात ही बोटं? मी कंपनीतला माणूस."

मग नानाची बायको आवडा पुढं सरकली. पहाटे मालाला तीच जाते. वाटाणे सोलता सोलता ही भाषा मी तिला शिकवलेली. मी बोट धरायला गेले, तर तिनं मूठ मिटली. मी दोनदा उघडायला बघितली. उघडेना.

नाना म्हणाला, "आई, किती सांगितलं तिनं?"

"काहीच नाय बाळा. माल विकायचा नाय, म्हणती."

सबब सदर गाळा, पाट्या व फळीसह, सून आवडा भ्र. नानासाहेब हिच्या एकटीच्या मालकीचा होईल. नवऱ्याला कामावर ठेवायचं की नाही, ते तिनं ठरवावं. ठेवावं, अशी माझी शिफारस आहे. केळीचे घड तो चांगले टांगतो.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: कस्तुराबाई कारभारी दांडगे
ठिकाण: मुकुंदवाडी, औरंगाबाद
दिनांक: ९ नोव्हेंबर २००८

साक्षीदार १: साळूबाई कडूबा गायके, शेजारीण

(दुसरा साक्षीदार, समोरचा चहावाला भिकन, सहीला पेन टेकवणार तोच जोरात शिंकला आणि पेन खाली ठेवून बसला. "काकू, अपशकुन झाला. उद्या करू." मी सांगितलं, "कर सही. आमच्या घरात शिंक आली की सौदा पक्का.")

साक्षीदार २: भिकन सूर्यभान म्हस्के