समोरची

४ जानेवारी
समोरचं पडकं घर कुणीतरी घेतलं! एकटीच बाई, आमच्या लेकीच्या वयाची. हे म्हणाले, "या गल्लीत टिकेल का?" म्हटलं, महिनाभर.

११ फेब्रुवारी
टिकली.

२ मार्च
कोपऱ्यावरचा उकिरडा हटला. त्यासाठी मी पालिकेत किती वर्षं खेटे घातले — साहेब जागेवर नाहीत, साहेब जेवायला गेलेत! हिने रविवारी गल्लीतल्या बायका गोळा केल्या, जागा झाडली आणि मागच्या भिंतीवर मोठा हत्ती रंगवला. आता तिथे कचरा टाकायला लोक लाजतात.

याच बायका! मी बोलवायचे तेव्हा एकीचा गुडघा दुखायचा, दुसरीचं दूध उतू जायचं.

किराणावाला म्हणतो, "समोरच्या ताईंनी गल्लीचं सोनं केलं." आणि मी इतकी वर्षं काय माश्या मारत होते?

१९ एप्रिल
लेक माहेरी आलीय. "आई, जरा समोर जाऊन येते." जरा म्हणजे अख्खी दुपार! ही म्हणे मुलांना चित्रं शिकवते. लेक परतली ती हसतच. "तिचं घर बघ एकदा. आपलं का नाही गं तसं?"

आपलं! हे घर माझ्या शिलाई मशीनवर उभं राहिलंय. हीच लेक पोटात असताना मी नव्या भिंतींवर पाणी मारत होते.

मशीनवर जाऊन बसले. दोन ब्लाउज उलटे शिवले गेले.

१० जून
घराला रंग काढला. हे चक्रावले — "मी मागे लागलो तेव्हा नको होता!" फिकट हिरवा. रस्त्यावर उभी राहून पाहिला. छान! मग मान वळली. तिच्या भिंतीवर जांभळ्या फुलांचा वेल चढलाय. त्याच्यापुढे आमचं घर म्हणजे सरकारी दवाखाना.

८ ऑगस्ट
दारूच्या गुत्त्याच्या जागी बेकरी आली. संध्याकाळी माणसं फिरायला येतात. आमच्या गल्लीत! फिरायला!

आज एक जोडपं तिच्या घराचा फोटो काढत होतं. मी कपडे वाळत घालत होते. "काकू, जरा बाजूला होता का?"

माझ्याच दारातून!

२१ सप्टेंबर
दुपारी एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट, कुणीतरी साहेब असावेत. पाणी मागितलं, दिलं. समोर बघत म्हणाले, "तिथे काय चालतं हो?"

माझी जीभ कुठली गप्प बसायला! "शिकवण्या. दिवसभर पोरांची वर्दळ. भिंतींना रंगच रंग."

"आणि गल्ली बरीच सुधारली म्हणायची?"

"म्हणजे काय! आता इथे घर शोधून सापडायचं नाही."

गृहस्थ खुशीत गेले. मलाही कसं हलकं वाटलं. जिरू दे तिची थोडी.

३ ऑक्टोबर
ती आली. पहिल्यांदाच आमच्या घरात. डोळे सुजलेले.

घर तिचं नाहीच. भाड्याचं! ते कडक इस्त्रीचे गृहस्थच घरमालक. "घरात शिकवण्या घेता म्हणून महिनाअखेर खाली करा म्हणाले. कुणी सांगितलं कोण जाणे. पण खरं कारण ते नाही, काकू. जागेला आता भाव आलाय ना, त्यांना दुप्पट भाडं देणारा मिळालाय."

म्हणजे भाव आणला तिनेच. आणि तो सांगितला मी.

मी मशीनचं चाक उगीच फिरवत राहिले. ती माझ्याकडे बघत होती. "रोज खिडकीतून दिसायचात तुम्ही, अशाच बसलेल्या. स्वतःच्या घरात. कुणी ऊठ म्हणणार नाही. इतका हेवा वाटायचा मला तुमचा!"

चहा टाकते म्हणून उठले. स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले.

५ ऑक्टोबर
वरची खोली रिकामी करायला घेतलीय. हे काही न विचारता ट्रंका खाली आणताहेत. तिला राहायला ये म्हणायचंय. पण त्याआधी दुसरं सांगायला हवं. ते ऐकून ती येईल का?

चप्पल घालते आहे.