गुलाबाच्या कुंडीतला भुईआवळा

३ जुलै
ह्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी पोट दाबलं, रक्त तपासलं. म्हणाले, "लिव्हर सुजलंय. बाटली सोडा, नाहीतर पुढचं सांगवत नाही." ह्यांनी मान डोलावली. रंगाऱ्याची मान ती — दिवसभर छताकडे बघून तशीही सैल!

५ जुलै
वैद्यांकडे नेलं. म्हणाले, "दारू बंद. आणि भुईआवळा द्या, लिव्हरला जपतो. रोज संध्याकाळी ताजा वाटा, फडक्यातून गाळा." मला हसूच आलं. हे तण उपटायचाच तर मला रोपवाटिकेत पगार मिळतो! जन्मभर फेकलं, आता पदरात बांधून आणायचं.

६ जुलै
भराभर ठेचला. गाळत बसायला वेळ कुणाला? पानं, मुळं, फळांचे बारीक मणी — जाऊ दे सगळं पोटात. हे म्हणाले, "अगं, चावावं लागतंय!" मग चावा! सासूबाई म्हणाल्या, "पोराला माझ्या गवत चारतेस? बैल आहे का तो?" म्हटलं, बैल बरा. पाणीच पितो.

१२ जुलै
कुरकुर बंद. कामावरून आले की पेला घेऊन खिडकीशी उभे राहतात. पेला लख्ख!

२१ जुलै
डोळे निवळतायत. तोंडाला वासही येत नाही — रसाने वाससुद्धा मारला! रोपवाटिकेत सगळ्यांना सांगितलं. मुकादम म्हणाला, "माझ्या मेव्हण्यालाही दे." आता मीच वैद्य!

२ ऑगस्ट
खिडकीतल्या गुलाबाच्या कुंडीत भुईआवळा उगवलाय. गच्च! उपटायला हात गेला आणि डोक्यात उजेड पडला. न गाळलेलं बी! कुंडी ह्यांच्यापुढे आपटली. "गुलाबाचं लिव्हर झकास झालं असेल! तुमचं काय?" हे खाली बसून सांडलेली माती गोळा करायला लागले. सासूबाईंनी केरसुणी आणून दिली.
उद्या पुन्हा रक्त तपासायचंय. आज रस ठेचलाच नाही. रागानेच.

३ ऑगस्ट
रिपोर्ट चांगला! डॉक्टर म्हणाले, "जे चाललंय ते चालू ठेवा." चाललंय काय, ते मलाही कळेना. बाहेर येऊन ह्यांना धरलंच. म्हणाले, "तुझ्या नजरेसमोर पेला कुंडीत ओतायचा म्हणजे हात स्थिर लागतो. पिऊन आलो असतो तर पहिल्याच दिवशी सापडलो असतो. म्हणून प्यायलोच नाही."

४ ऑगस्ट
कुंडीतलं उपटलं नाही. संध्याकाळी रस ठेचला, पेला ह्यांच्या हातात दिला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. मुद्दाम.