तुमच्या तोंडी घातलेला होकार

अहो,

तुमच्या नावावर आज मी एक धडधडीत खोटं बोललेय. दुसऱ्या कुणाकडून ते तुमच्या कानावर जायच्या आधी मीच सांगावं, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि लिहितेय ती अशी! हसू नका.

शंकरभावजी परवा पडले. तुमचा धाकटा भाऊ, तुम्हीच गावाकडून आणून कांद्याच्या मार्केटात आपल्या हमालांच्या टोळीत घातलेला. सकाळी नळापाशी दाढी करत होते, ते उभ्या उभ्या खाली! आरसा फुटला, हनुवटी फुटली. त्यांची विमल बोंबलत माझ्याकडे आली. मी धावत जाऊन बघते तर हे उठून बसलेले, आणि वर आम्हालाच विचारतायत, "काय झालं? गर्दी का केलीय?" अहो, तुमचाच पांढराफटक चेहरा आणि तुमचाच प्रश्न.

तुमची पहिली चक्कर आठवते? तुम्हाला कशी आठवेल म्हणा! जेवत होता. हात पिठल्यात आणि मान खाली. मी हाका मारमारून रडकुंडीला आले, तेवढ्यात तुम्ही डोळे उघडले आणि म्हणालात, "बघत काय बसलीस? भात वाढ की." मी वाढलाही. काय करणार होते दुसरं?

मग मार्केटात तसंच व्हायला लागलं. टोळीतली माणसं कांदा फोडून तुमच्या नाकाशी धरायची. कांद्याच्या मार्केटात कांद्याला काय तोटा! तुम्ही आपोआपच, 'गर्दी का केलीय?' विचारत शुद्धीवर यायचात, पण नाव व्हायचं कांद्याचं. "कांदा लावला की उठतो गडी," असं मुकादम सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. त्या कौतुकात किती महिने घालवले आपण! मला अजून कांदा चिरताना राग येतो. डोळ्यांत पाणी येतं ते निदान कुणाला कळत नाही.

शेवटी मी तुम्हाला ओढत दवाखान्यात नेलं. त्या डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून ते मशीन दिवसभर अंगावर बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कागदाची पट्टी उलगडून दाखवली. नीट चाललेली रेघ मध्येच सपाट, आणि पुन्हा सुरू. "हृदय मध्येच ठोका द्यायचा विसरतं," त्या म्हणाल्या, "तेवढा वेळ डोक्याला रक्त जात नाही, म्हणून हे पडतात. पेसमेकर बसवू. हृदय विसरलं की ते यंत्र ठोका देईल." किती सोपं करून सांगितलं होतं! मला सातवी शिकलेलीला कळलं. खर्चाचीही सोय झाली होती. पण पुढचं एक वाक्य त्या बोलल्या आणि तुमचं तोंड उतरलं. "यंत्र खांद्याखाली कातडीच्या आत बसतं. आता पाठीखांद्यावर गोणी घ्यायची नाही."

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "खांदाच काढून घेतायत की माझा."

मी म्हटलं, बसून करायचं काम नाही का मार्केटात? कांदा निवडायचा, पोत्यांची तोंडं शिवायची. केवढ्यानं ओरडलात माझ्यावर! "बायकांच्या रांगेत बसून दाभण चालवू? टोळीत काय तोंड दाखवू?" रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली. मी विषय सोडला. पण तुम्हाला कुणी हसलं होतं का हो तोवर? तुमचं तुम्हीच ठरवून टाकलंत, यंत्र नको.

आणि टोळीनं तर मायाच केली. टोळीतला एक आजारी पडला की बाकीचे त्याचं ओझं वाटून घेतात, ही आपली रीतच. मुकादम म्हणाले, "वजन नको ना? मग गाडीवर चढ. वर गोण्यांच्या थप्पीवर उभा राहून गोणी नुसती खाली पाठीवर द्यायची. हलकं काम." सगळ्यांनी मान डोलावली. तुम्हीही खूश. आणि खरं सांगायचं तर मीही देवापुढं साखर ठेवली! ज्या माणसाचा कुठल्या क्षणी डोळा मिटेल सांगता येत नाही, त्याच्या पाठीवरची गोणी काढली आणि त्याला ट्रकच्या टपाएवढ्या उंचावर नेऊन उभं केलं. खाली असतात तर कांद्याच्या ढिगावर कलंडला असतात आणि उठून म्हणाला असतात, गर्दी का केलीय. वरून पडलात ते सिमेंटच्या कठड्यावर. त्या दिवशीही कुणीतरी कांदा फोडला होता म्हणे.

मुकादमांवर मला धड रागावताही येत नाही. तुमच्या तिरडीला खांदा देताना तो माणूस लहान पोरासारखा रडला.

आता मी त्याच रांगेत बसते. हो, बायकांच्या. हातात दाभण, सुतळी, समोर पोती. तुम्ही ज्या कामाला नाक मुरडलंत त्यावर आपल्या पोरीची शाळा चाललीय. अधूनमधून मान वर करून गाड्यांकडं बघते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडते.

तर भावजींचं सांगत होते. त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तीच पट्टी, तीच मध्येच सपाट रेघ. एखाद्या घरात असं भावाभावांना असू शकतं, म्हणाल्या. उद्या सकाळी यंत्र बसवायचं ठरलं. सगळं ठरलं, आणि आज दुपारी मुकादम घरी आले. चहा घेता घेता म्हणतात कसे, "एवढी घाई कशाला, वैनी? दिवाळीनंतर बघू. तोवर शंकरला वजन देत न्हाय. गाडीवर पाठवतो, हलकं काम."

अहो, मी हातातली बशी खाली ठेवली. मी म्हटलं, "मुकादम, पुन्हा एकदा म्हणा. फोटोकडं बघून म्हणा." त्यांनी वर बघितलं. तुमच्या फोटोला कालचाच हार होता. मग त्यांना उमगलं. बिचारे तोंडावर उपरणं धरून बसून राहिले.

पण भावजी बधेनात. "वैनी, मला न्हाय बसवायचं यंत्र. दादानं बसवलं का? दादा कामावर मर्दासारखा ग्येला."

मर्दासारखा! म्हणजे तुम्ही काही न बोलता त्यांना हे शिकवून गेलात होय? विमल दाराआड उभी, कडेवर लेकरू. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचा दादा हो म्हणाला होता."

भावजींनी मान वर केली.

"कधी?" भावजी म्हणाले.

"आदल्या दिवशी. जेवताना. यंत्र बसवतो म्हणाले, दवाखान्यात जाऊन तारीख घेऊ म्हणाले. तारीख घ्यायची राहिली."

"नक्की काय म्हनला दादा?"

आता आली का पंचाईत! पण अडखळले नाही मी. म्हटलं, "ते म्हणाले, सुमे, पोती शिवायला बसतो मी. पण तू हसायचं न्हाईस."

भावजी ढसाढसा रडले. "असंच बोलायचा दादा," म्हणाले, आणि उद्याला तयार झाले.

खरं तर आदल्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणालात, की आमटीत मीठ कमी आहे. ते दुसरं वाक्य माझं. तीन वर्षं पोती शिवताना रोज तुमच्या तोंडून ऐकलंय मी ते, म्हणून पाठ होतं.

आता जीव थाऱ्यावर नाही. हृदयात तार सोडतात म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोजचं काम आहे आमचं, घाबरू नका. त्यांचं रोजचं असेल! काही वेडंवाकडं झालं तर माझ्या शब्दावर गेला भाऊ तुमचा, असंच विमल म्हणेल, आणि तिचं काय चुकेल? मघाशी आली होती, माझा हात धरून नुसती बसली. मी म्हटलं, बरं होईल गं. कुणाच्या भरवशावर म्हटलं, ते मलाच ठाऊक नाही.

एवढं करा माझ्यासाठी. उद्या भावजींच्या गुंगीत आलात, आणि त्यांनी विचारलं, "दादा, खरंच हो म्हनला हुतास?" तर मान हलवा. मला खोटं पाडू नका. आयुष्यभर तुमच्या हो ला हो केलं, एकदा तुम्ही माझ्या हो ला हो म्हणा.

मी काय करेन ते सांगते. त्यांना घरी आणेन, खांद्याची जखम भरू देईन, आणि मग मार्केटात माझ्या शेजारी जमिनीवर बसवेन. पहिले काही दिवस सुतळी मीच ओवून देईन. कुणी काही बोललं तर त्याच्याशी मी बघून घेईन.

आणि मी हसणार नाही. तुम्ही बसला असतात ना, तरी हसले नसते हो.

तुमचीच,
सुमन