पाहुण्यांना आधी जेवू घातल्याबद्दल

लीड्स,
एप्रिल १९९१

तीर्थस्वरूप पद्माकरभाऊजींस,

माधवचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वाकणं फारसं जमलेलं नाही, मनाने पुरता वाकलो आहे असं समजावं.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? डॉक्टरला प्रकृती विचारावी की नाही हा प्रश्नच आहे, पण ताई फोनवर म्हणत होती की तुम्ही पेशंटना मीठ बंद करायला सांगता आणि घरी लोणच्याची बरणी स्वतःकडे ओढून बसता. तुमच्या रीडिंग गावात म्हणे डॅफोडिल्स येऊन गेलीसुद्धा. आमच्याकडे आत्ता कुठे आली आहेत आणि आल्याचा पश्चात्ताप करत असल्यासारखी माना खाली घालून उभी आहेत. वैजयंती ठीक आहे. तुम्हा दोघांना नमस्कार सांगते.

शशिकांतरावांच्या कंपनीत तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, त्याबद्दल आभार कसे मानू कळत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मी इंटरव्ह्यूला निघतोच आहे. ताईचं म्हणणं मला पटलेलं आहे. "नऊ वर्षं झाली, अजून असिस्टंटच! अरे, लोकांचे असिस्टंट सहा महिन्यांत पर्मनंट होतात," असं ती परवा म्हणाली. मात्र मी येण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालणं भाग आहे. आमच्या इथल्या रेखाने तुम्हाला फोन करून सांगितलं असेलच की माधवने समोरच्या टीमला गुंगीचं औषध घातलं आणि आता त्याच्यावर चौकशी बसली आहे. चौकशी बसली होती हे खरं. बाकीचं कसं घडलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे शशिकांतरावांनी विचारलं तर तुमची पंचाईत व्हायला नको.

मुळात मी फुटबॉलमध्ये पडलो कसा, इथून सुरुवात करायला हवी. (वैजयंती म्हणते, इथून सुरुवात करू नका. पण तिला ही गोष्ट पाठ आहे, तुम्हाला नाही.) ब्याऐंशी साली मी या कॉलेजात गणित शिकवायला लागलो. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये बॅराक्लफ नावाचे गृहस्थ आले. हे वर्कशॉपात वेल्डिंग शिकवतात आणि कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच आहेत. त्यांनी विचारलं, मला शनिवारी जरा हात द्यायला कोणी आहे का? क्षणात सगळी स्टाफरूम आपापल्या चहाच्या कपात काहीतरी शोधू लागली. मी नवा. माझ्या कपातला चहाही संपलेला. वडीलधारा माणूस आपल्याकडे बघून विचारतो आहे आणि आपण नाही म्हणायचं, हे आपल्या घरात कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "मला फुटबॉलमधलं काही कळत नाही." ते म्हणाले, "टीमलाही कळत नाही." झालं, नेमणूक झाली.

असिस्टंट कोच म्हणजे पुण्याला काकांना वाटतं तसं ते प्रोफेसरच्या खालचं पद नव्हे. चेंडूत हवा भरणे, हाफटाइमला संत्री कापणे, कुणी पडलं की गार पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन धावणे (त्या पाण्याच्या भीतीनेच निम्मी पोरं बरी होऊन उठतात), लाइनवर झेंडा घेऊन पळणे आणि सगळ्या जर्सी घरी नेऊन धुणे, ही त्यातली मुख्य कामं. पहिल्याच वर्षी वैजयंतीने पांढऱ्या जर्सी हळदीच्या डागांच्या टेबलक्लॉथबरोबर मशीनमध्ये टाकल्या. तेव्हापासून आमच्या टीमचा रंग पिवळा आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकात तो 'परंपरागत' म्हणून छापलेला आहे.

पोरांवर ओरडणं हेही कोचचं काम. मला इंग्रजीत ओरडता येत नाही. ओरडायला लागलो की मध्येच 'प्लीज' येतं. म्हणून मी मराठीत ओरडू लागलो. आता पोरांना सवय झाली आहे. "सोड!" म्हटलं की पास द्यायचा, "मागे बघ!" म्हटलं की मागे बघायचं, आणि "अरे देवा!" ऐकू आलं म्हणजे आपल्यावर गोल झाला. समोरच्या टीमला काही कळत नाही याचा आम्हाला फार फायदा होतो. एकदा कुणीतरी ही कुठली भाषा म्हणून विचारलं, तर बॅराक्लफनी अतिशय गंभीरपणे सांगितलं, "जुनी यॉर्कशरी."

आता मूळ प्रकार. यंदा आमची टीम कपच्या सेमीफायनलला पोचली. कशी पोचली ते मलाही नीटसं सांगता येणार नाही. मॅच आमच्याच ग्राउंडवर, शनिवारी दुपारी. त्याच संध्याकाळी आपल्या मराठी मंडळींचा पाडवा कॉलेजच्या हॉलमध्ये ठेवला होता, कारण हॉल मला फुकट मिळतो. वैजयंतीने चार दिवस बाथरूमच्या नळाला चक्क्याची गाठोडी टांगली होती. (अंघोळीची आमची काय सोय होती ते विचारू नका.) श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, सगळं सकाळीच कॉलेजच्या किचनमध्ये येऊन पडलं होतं.

इथली पद्धत अशी की पाहुण्या टीमला मॅच झाल्यावर खायला द्यायचं. चहा आणि काकडीची सँडविचेस. पण पाहुण्यांची बस भलतीच लवकर आली. बॅराक्लफ रेफ्रीला आणायला गाडी घेऊन गेले होते आणि जाताना मला सांगून गेले होते, "ते आले तर जरा बघ त्यांच्याकडे." भाऊजी, दारात सोळा पोरं आणि त्यांचा कोच थंडीत कुडकुडत उभे. किचनमधून पुऱ्यांचा वास बाहेरपर्यंत येतोय आणि आपण त्यांना सांगायचं की आधी खेळा, मग बघू? वैजयंती दारात येऊन म्हणाली, "अहो, ही पोरं उपाशी दिसतात हो." मी म्हटलं, एकेक पुरी दे फक्त.

एकेका पुरीवर आपल्याकडे कुणाचं कधी भागलं आहे? त्या पोरांनी पहिल्या वाढपाला "नो, थँक यू" म्हटलं. आता आपल्यात पहिल्या 'नको'कडे कोण लक्ष देतं? वैजयंतीने वाढलं. त्यांना घरून शिकवलेलं की दुसऱ्याच्या घरी ताटात काही टाकू नये, म्हणून त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. आपल्याला घरून शिकवलेलं की ताट रिकामं दिसलं म्हणजे पाहुणा अर्धपोटी आहे, म्हणून आम्ही परत वाढलं. त्यांनी परत संपवलं. दोन्हीकडची माणसं सभ्य, त्यामुळे थांबणार कोण? मीसुद्धा हातात पातेलं घेऊन पंगतीत फिरत होतो आणि "माझ्याखातर एक" म्हणत होतो. त्यांच्या तांबड्या केसांच्या कॅप्टनला तर मी स्वतःच्या हाताने पुरीचा घास भरवला. त्यांचा कोच चौथ्या वाटीनंतर डोळे मिटून फक्त मान हलवत होता. ती मान कुठल्या दिशेने हलत होती याबद्दल पुढे चौकशीत वाद झाला.

मॅचचं काय सांगू? आमची पोरं पळत होती आणि त्यांची नुसती बघत होती. त्यांचा गोलकीपर पोस्टला टेकून बसला तो बसलाच. कॅप्टन एकदा चेंडूमागे निघाला, मध्येच थांबला आणि पोटावर हात ठेवून आकाशाकडे बघत राहिला. त्यांचा कोच बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून चक्क घोरत होता. आम्ही सहा-शून्य जिंकलो. बॅराक्लफना आधी फार आनंद झाला, मग त्यांना हॉलमधली उष्टी ताटं दिसली. (संध्याकाळी आपल्या मंडळींनी काकडीची सँडविचेस खाऊन पाडवा साजरा केला. रेखाचा राग हा तिथला आहे, हे तुमच्या लक्षात येईलच.)

सोमवारी तक्रार गेली. लीगच्या कमिटीत तीन म्हातारे बसले होते आणि त्यांचा एकच प्रश्न होता: त्या पिवळ्या पदार्थात काय होतं? मी सांगितलं, दही, साखर, केशर, वेलची, जायफळ. जायफळाने काय होतं, असं अध्यक्षांनी विचारलं. आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, आमच्याकडे लहान मुलांना झोप यावी म्हणून उगाळून देतात. बॅराक्लफनी कपाळाला हात लावला. मग मी आपली पद्धत समजावू लागलो की पाहुणा आला की आधी ताट मांडायचं, हार-जीत नंतर. आणि त्या पोरांनी एकदा जरी ताटावर हात आडवा धरला असता तर आम्ही थांबलो असतो. त्यावर बॅराक्लफ उठले. हा माणूस वर्षात दहा वाक्यं बोलतो. ते म्हणाले, "नऊ वर्षं हा माझ्याबरोबर पावसात उभा आहे. याला फसवता आलं असतं, तर आम्ही याआधी एखादी सेमीफायनल बघितली असती." मला खूप भरून आलं. मी बादलीकडे बघतो तसं जमिनीकडे बघत राहिलो.

निकाल असा लागला की मॅच पुन्हा खेळायची आणि शिट्टी वाजेपर्यंत पाहुण्यांना पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. अशी ही हकीकत आहे. यात गुंगीचं औषध कुठेही नाही. ताईला साष्टांग नमस्कार. बाकी समक्ष भेटीत बोलूच.

तुमचा आज्ञाधारक,
माधव

ता. क. – ती पुन्हा खेळायची मॅच शनिवारी आहे. हाच शनिवार. पोरांना मी सांगितलं की मला रीडिंगला जायचं आहे. आमचा सेंटर हाफ बूट बांधता बांधता म्हणाला, "मग 'सोड' कोण म्हणणार?" भाऊजी, त्याचा उच्चार तुमच्या मुलांपेक्षा बरा आहे.

ता. क. २ – बॅराक्लफ या सीझननंतर रिटायर होत आहेत. त्यांच्या जागी कोणी मिळालं नाही तर टीम बंद करू, असं प्रिन्सिपॉलसाहेबांचं म्हणणं होतं. काल साहेबांनी मला बोलावून विचारलं. माझ्या कपात चहा भरपूर होता, तरी मी त्यात बघितलं नाही. मला नाही जायचं, भाऊजी. मला इथे फार बरं वाटतं.

ता. क. ३ – तेव्हा शशिकांतरावांना तुम्हीच काय ते कळवा. आणि ताईलाही तुम्हीच सांगा, पण सकाळचा चहा झाल्यावर, आणि आधी एवढंच की तिचा भाऊ आता असिस्टंट राहिला नाही. ती खूश होऊन दोनचार ठिकाणी फोन करील, तेवढे होऊ द्या; मग कसला हेड झाला ते सांगा. गाडीचं तिकीट हे पत्र लिहायला बसण्याआधीच परत करून आलो आहे.