उखळीचा आवाज

ताट पडलं की तू खाटेखाली शिरतेस, हे तुझी मामी कल्याणच्या बाजारात हसून सांगते म्हणे. तिला सांग, हसायला दात लागतात, उरलेत तेवढे सांभाळ.

प्रिय आयरीन,

लपतेस त्यात लाज कसली? इथं सगळं गावच लपून आहे. नोकरीवरून काढलेल्या त्या शिपायाने सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात अकरा माणसं गोळ्या घालून मारली, त्याला रविवारी वर्ष होईल. गाव अजून पाण्याखाली असल्यासारखं चालतंय. गंगुबाई मुसळ उचलत नाही. काळुराम धोबी कपडे आपटत नाही, नुसते बुचकळतो, म्हणून आमची लुगडी मळकीच. मी तर मोठी धीराची! परवा माडावरून नारळ पडला तर टोपलीसकट चिखलात बसले, आणि मग माडालाच शिव्या घातल्या.

सकाळी खाडीवर धुकं असतं तेव्हा मिठाचे ढीग दिसत नाहीत, नुसता पांढरेपणा दिसतो. दुपारी डोळा लागला की त्याच पांढऱ्यातून आपली धाकटी बिट्रिस येते. आठ वर्षांचीच आहे अजून. मिठावरून चालते पण पाऊल उमटत नाही. हात पुढे करते आणि उभी राहते. जागी होते तर माझाच तळहात गरम असतो, वितळलेलं मेण सांडल्यासारखा. पाद्रीबाबा म्हणतात, प्रार्थना कर. करते. हात गरमच राहतो.

यंदा सणाला दारू ठासून उखळी उडवायची नाही, नुसती घंटा, असं गावाने ठरवलंय. उशिराची अक्कल.

आता मुद्द्याचं लिहिते. उखळी उडाली की आपली पोरं पटांगणाकडे धावत सुटायची, कारण पहिलं पोचेल त्याला मिरवणुकीची मेणबत्ती मिळायची. त्या दिवशी आवाज झाला तेव्हा तू ओट्यावर धाकटीची वेणी घालत होतीस. वेणी होऊ दे, म्हणालीस. मीच ओरडले, उखळी उडाली गो, धर तिचा हात आणि पळ. ती उखळी नव्हती. हे वर्षभर फक्त तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तुझी आई छाती बडवत, तू का नेलीस तिला, म्हणाली, तेव्हा तू मान खाली घातलीस, माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी चुलीशी बसून बोंबील साफ करत राहिले. तुला मामाकडे धाडली तेव्हाही तोंड उघडलं नाही. आज सकाळी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. बरोबरच केलं. या कागदाला तू उत्तर द्यायचं नाहीस, मामानेही नाही. उत्तर तुझ्या आईने द्यायचं. तिला अक्षर येत नाही, म्हणून उद्याच्या गाडीने हा कागद घेऊन ती स्वतः येईल. दोष तोंडाने दिला, उत्तरही तोंडाने देऊ दे.

तुझीच,
आजी