कप्तानासाठी धरलेला शनिवार

तात्यापारा, रायपूर
(आता राजधानी म्हण, नाहीतर इथले लोक रागावतात)

सौ. इंदूस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद पोचावा. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिथल्या तिथं आहेत, फक्त उठताना सोबत येत नाहीत. अनंतरावांचा खोकला बरा असन तर त्यांले बिडी कमी कराले सांगजो, आणि बरा नसन तरी तेच सांगजो.

इकडे राज्य नवीन झालं, लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, लाईट मात्र पहिल्यासारखीच जाते. मी सध्या टीव्हीवर एक विलायती सीरियल पाहून राहिली होती. जुनी आहे, बिनरंगाची. बोलतात हिंदीत, पण तोंड मिटल्यावरही आवाज येतच राहते. एक जहाज आकाशात वाट चुकलं आणि त्याचा कप्तान सगळ्यांले घेऊन घरी पोचाचं पाहते, एवढीच गोष्ट. पण माणूस असा पाहिजे, इंदू. आपल्या सिनेमातला हिरो आई आजारी पडली का आधी गाणं म्हणते, मग डॉक्टरकडे पळते. इथं जहाजाले आग लागली तरी हा खुर्चीवरून उठत नाही. एकाले आग विझवाले लावते, दुसऱ्याले वाट शोधाले. कोणी रडत नाही. एक डॉक्टरीण आहे, तिचं त्याच्यावर मन आहे असं मले वाटते, पण ती पट्टी बांधते आणि आपल्या कामाले लागते. (आता तू म्हणशीन, सगळं खोटं असते. मले का दिसत नाही? ग्रह दर वेळी नवा आणि टेकडी तीच. मोठ्ठा दगड एका पोट्ट्याच्या अंगावर पडला आणि टप्पा खाऊन परत वर गेला. कपडे तर इथल्या पंडरीच्या कापडबाजारात चमकीचं अस्तर मिळते त्याचे. पण रामलीलेतले राम-लक्ष्मणही मंडपामागं चहा पितात, म्हणून आपण हात जोडाचे सोडतो का?)

तर ते जहाज एका काळ्या भोवऱ्यात अडकलं आणि मले राहवलं नाही. मी मारुतीचा शनिवार धरला. आकाशात अडकलेल्या माणसासाठी दुसऱ्या कोणाले सांगावं? ज्याले उडता येते त्यालेच. म्हटलं, बाप्पा, याले घरी पोचव, मी उद्यापन करीन, पाच पानं वाढीन.

घरात कोणाले कारण सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण सुनेनं विचारलंच नाही. त्या दिवसांत शेखरच्या हापिसात माणसांची वाटणी चालू होती, कोण भोपाळले जाईन आणि कोण इथं राहीन, अन् विनोदिनीनं समजून घेतलं का सासू पोरासाठी उपास करून राहिली. साबुदाण्यावर तूप पडू लागलं. तुपापायी मीही गप्प राहिली. शेखरची मले काळजी नव्हती. तो ज्या खुर्चीत बसते तिच्यातून त्याले सरकार काय, जेवणाची हाकही उठवत नाही.

मागच्या आठवड्यात ऑर्डर आली, शेखर रायपुरातच. विनोदिनी पाया पडली, डोळे पुसत म्हणाली, "आई, तुमच्या उपासानं झालं." मी म्हटलं, मारुतीची कृपा. यात खोटं काही नाही. आता पाऱ्यात, म्हणजे साऱ्या मोहल्ल्यात, माझं नाव झालं. शेजारची कांताबाई भोपाळले गेलेला जावई परत आणाले माझा एक शनिवार मागून राहिली, जसं विरजण मागावं.

आणि याच गडबडीत केबलवाल्या हरिदासनं तो चॅनलच काढून टाकला. जहाज भोवऱ्यात, शेवटचा भाग बाकी. मी त्याच्या दुकानात गेली. म्हणते, "अम्मा, आप जैसों के लिए भजन वाला लगा दिया है." मी म्हटलं, तू म्हातारा झाला का तुले मी भजन लावून देईन, आत्ता माझं जहाज दे. हसला. दिलं नाही.

बाकी सगळं ठीक. पोराबाळांले आशीर्वाद.

तुझी ताई,
कमला

ता. क. तुमच्या नागपुरात तो चॅनल अजून दिसते म्हणतात. शेवटचा भाग बुधवारी संध्याकाळी आहे. विनोदिनीनं पुढच्या शनिवारी उद्यापन ठेवलं, बायांले बोलावणंही गेलं. ज्याच्यासाठी नवस केला तो घरी पोचला का नाही हे माहीत नसताना मी मारुतीसमोर नारळ कसा फोडू? म्हणून पाहजो आणि पाहिल्याबरोबर पत्र टाकजो. फोन करू नको, फोन विनोदिनी उचलते.

आणखी ता. क. कप्तान मेला असन तर सरळ तसंच लिहिजो, गोड करून नको. भोवऱ्यातच असन तर ते जेवण शेखरच्या नावानं होऊन जाऊ दे, मी त्याच्या पुढच्या शनिवारपासून पुन्हा धरीन. सुनेले काही सांगाची गरज नाही. शेखरच्या प्रमोशनसाठी आहे, असं ती आपणच समजून घेईन.