अंड्याची राहिलेली पावलं

उंबरमाळी, ३ ऑगस्ट

चि. सौ. माधुरीस आईबाबांचे अनेक आशीर्वाद. वि.

मुरबाडला सगळी खुशाल असाल. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. सूरज भातसा धरणाच्या पाण्यात सापडला ते त्या फोनवरच कळलं. तेव्हापासून तो कानाला लावायची हिंमत होत नाही. लावणी उरकली. पोरगा गेला म्हणून रोपं थांबत नाहीत.

गाव म्हणतं, पोलीस भरतीचं वय उलटलं म्हणून त्यानं जीव दिला. मी म्हणतो, पाय घसरला. पण खरं मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्यानं घास उतरत नाही. त्याचा तो हातात धरून खेळायचा, प्राणी पकडायचा गेम माझ्याकडे आहे. थंडीतच हसून म्हणाला होता, बाबा, गोष्ट संपली, मी जिंकलो. मग जूनपर्यंत बोटं कशासाठी चालत होती? तू त्याच्याशी भांडून तो गेम खेळायचीस, तुला उमजेल.

पत्राची वाट पाहणारा,
तुझा बाबा


मुरबाड, ११ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस माधुरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अक्षर बघूनच रडले, मजकूर नंतर वाचला. गुडघ्याला तेल लावता, की आईला नुसतं हो हो करता?

गेममधली गोष्ट म्हणजे एकच सरळ रस्ता. या गावच्या गुरूला हरवलं की पुढच्या गावाचं फाटक उघडतं. मधेच वाकडं जाऊ म्हटलं, तर कुणीतरी आडवं उभं राहून माघारी पाठवतं. असे आठ गुरू, आणि शेवटी त्यांच्याही वरचा. तो हरला की गोष्ट संपते, पण गेम चालू राहतो. सगळी फाटकं उघडी, आणि कुठे जा हे सांगणारं कुणी नाही. बरेच जण तिथेच बंद करतात. सूरज म्हणायचा, ताई, आता कोण हाकत नाय, आता माझा मी. मग राहिलेले प्राणी शोधायचा, त्यांना वाढवायचा.

दहावी, बारावी, पहाटेची धाव, भरती, हेही त्याचं एकाच रेषेतलं होतं, बाबा. फक्त इथे शेवटच्या फाटकावरून चार वेळा परतला आणि पाचव्यांदा कुणी उभंच करेना.

शेजारच्या कुणालीला विचारा, गेममध्ये त्याच्यासोबत कोणते प्राणी आहेत. कळवा.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची माधुरी


उंबरमाळी, ६ सप्टेंबर

चि. सौ. माधुरीस अनेक आशीर्वाद. वि.

पोरी, अंडं आहे! कुणालीनं वाचून दाखवलं. सोबत एकच प्राणी आणि एक अंडं. आतून आवाज येतोय, आता लवकरच फुटेल, असं तिथे लिहिलंय. मरायला निघालेला माणूस अंडं उबवायला ठेवील का? मी चावडीवर जाऊन सगळ्यांना ऐकवून आलो.

तुझ्या आईनं त्या दिवशी पोटभर खाल्लं. खुडूक कोंबडीच्या टोपलीत तूस घालून गेम तिथे ठेवलाय, चुलीच्या उबेला, चार्जर लावून. कुणाला हात लावू देत नाही, कुणालीलासुद्धा नाही. उबवणीचं अंडं हलवलं की वाया जातं, हे काय तुला सांगायला हवं! एकवीस दिवस झाले. अजून फुटलं नाही. एक-दोन दिवस मागेपुढे होतात, नाही का?

तुझा बाबा


मुरबाड, १३ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाबा, ते उबेनं फुटत नाही. गेममधल्या पोराला चालवावं लागतं. हजारो पावलं झाली की फुटतं. टोपलीत वर्षभर ठेवलंत तरी ते तसंच राहील.

एवढंच लिहून थांबणार होते. पण तुम्ही चावडीवर सांगून आलात, आता गप्प राहणं जमत नाही. जाण्याच्या दोन दिवस आधी सूरज इथे आला होता. गेम माझ्या हातात ठेवून म्हणाला, ताई, अंडं तुझ्यासाठी ठेवलंय, थोडीच पावलं राहिलीत, तू चालव, मला आता चालवत नाय. आणि मी चिडले. म्हटलं, अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालास, गोष्ट कधीच संपली, आता बंद कर आणि कामाधंद्याचं बघ. गेम त्याच्या पिशवीत कोंबला. चहासुद्धा अर्धाच पिऊन गेला.

म्हणून त्या अंड्याचा अर्थ काय, ते मला विचारू नका. तो निरोप घ्यायला आला होता आणि मी त्याला शिकवत बसले. तीन महिने हे गिळून तुमच्याशी बोलले. माफी मागायला तोंड नाही.

माया ठेवा असं आज लिहवत नाही.
माधुरी


उंबरमाळी, ३० सप्टेंबर

चि. सौ. माधुरीस आशीर्वाद. वि.

पत्र पोचलं. त्यालाही पंधरा दिवस झाले. तुझ्यावर रागावलो का, तर हो, रागावलो. मग आठवलं, त्याच आठवड्यात मीही त्याला हेच म्हणालो होतो. ते मी तुला लिहिलं नव्हतं.

आईला सांगितलेलं नाही. ती रोज तूस बदलते. काल ती शेतावर गेल्यावर कुणालीकडून बटण शिकलो आणि त्या पोराला चालवलं. वर, खाली, पुन्हा वर. त्याची टोपी अगदी सूरजसारखी तिरकी आहे गो. तीस-चाळीस पावलं झाली आणि माझा अंगठा थांबला. ते पिल्लू बाहेर आलं की सूरजचं शेवटचं कामही संपेल.

गेम परत टोपलीत ठेवलाय. राहिलेली पावलं त्यानं तुला दिली होती, मला नाही. चालवायची असली तर ये. नसली तरी ये. चहा ठेवीन, तो मात्र पुरा पी.

तुझा बाबा